मजकुराची मांडणी

लेखकाजवळ माहिती जमा झाली म्हणजे लेख सिद्ध झाला, असे नव्हे. ती कोणत्या क्रमाने ठेवावयाची हा प्रश्न उरतोच. आणि क्रम बदलला की पुष्कळदा अर्थही बदलतो.

छत्तीसगडमधील रायपूर शहराच्या तेलीबांधा भागातून एके काळी धमतरीची छोटी रेल्वे जात असे. तिच्याविषयी लिहावयाचे आहे असे समजू. कालक्रमाने लिहिणारा सांगेल: 1900 साली अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग सुरू झाला, 2000 साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले, 2017 मध्ये तेलीबांध्याच्या गाड्या थांबल्या, पुढे रुळांच्या जागी द्रुतगती रस्ता आला. स्थलक्रमाने लिहिले, तर वाचक रायपूरहून निघून तेलीबांधा, माना, केंद्री, अभनपूर, कुरूद अशी स्थानके ओलांडीत धमतरीला पोचतो, आणि अभनपूरला फुटणारा राजिमचा फाटाही त्याच्या ध्यानात राहतो.

कालक्रम सर्वांत सोपा, म्हणूनच फसवा. ‘त्यानंतर’ हा शब्द नकळत ‘त्यामुळे’ असा वाचला जातो. वरील हकीकतीत राजधानी झाली आणि गाड्या थांबल्या, एवढेच सांगितले आहे. एकीमुळे दुसरी घटना घडली, हे वाचकाने स्वतःच जोडले. कार्यकारणभाव दाखवावयाचा, तर मधले दुवे उघड मांडावे लागतात: शहरात रस्त्यासाठी जागा हवी होती, धमतरीचा मार्ग रुंदमापी करताना त्याला केंद्रीपासून नव्या राजधानीच्या बाजूने वाट देण्यात आली, म्हणून शहरातील जुना पट्टा रस्त्यासाठी मोकळा होऊ शकला.

प्रयोजन निराळे असेल तर मांडणीही निराळी. तेलीबांध्याच्या तलावात सांडपाणी येते अशी तक्रार करावयाची असेल, तर आधी अडचण, मग तिचे कारण, शेवटी मागणी, हाच क्रम योग्य. असा अर्ज तलावाच्या जन्मकथेपासून सुरू झाला, तर अधिकारी दुसरे पान उलटण्याचा संभव थोडा.

एकाच सामग्रीच्या दोन मांडण्यांचे जुने आणि ठळक उदाहरण मराठीतच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त एकत्र केल्या. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध अशी चरित्राला अनुसरून तिची विभागणी आहे. प्रत्येक लीळेत स्थळ, माणसे, प्रसंग आणि त्या प्रसंगी निघालेले वचन येते. केसोबासांनी पुढे ही वचने प्रसंगांतून वेगळी काढली आणि विषयवार लावून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. अभ्यासकाची मोठी सोय झाली: एका विषयावरील सर्व वचने एकत्र सापडू लागली, पाठांतर सुलभ झाले. परंतु कोणाला, केव्हा, कशावरून म्हटले, ते गळाले. आणि कठोर वाटणारे वचन एका व्यक्तीपुरते होते की सर्वांसाठी, हे नुसत्या सूत्रावरून कळेना. ही उणीव लहान नव्हती. सूत्रांमागील प्रसंग पुन्हा सांगणारे ‘प्रकरणवश’ महानुभावांना रचावे लागले.

‘दृष्टान्तपाठा’त मात्र केसोबासांनी तिसराच मार्ग धरला: आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे तो दृष्टान्त कशाला लागू पडतो ते. येथे दाखला सूत्राबरोबरच बांधलेला असल्यामुळे वाचकाला तो अन्यत्र शोधावा लागत नाही.