सांथीचे दिवस आणि विमानाचा प्रवास

सांथीची वार्ता गांवांत आली, कीं प्रत्येक मोठ्या कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो. कोणाचा मुलगा बंगळूरास नोकरीला असतो, कोणाची लेक परदेशांत बाळंतपणासाठीं आईची वाट पाहत असते, कोणाच्या घरीं कार्य ठरलेलें असतें. आणि सर्वांच्या मुखीं एकच पृच्छा असते, ती ही कीं, अशा दिवसांत विमानानें जावें कीं न जावें? एक पक्ष म्हणतो, विमान म्हणजे आकाशांत उडणारी बंद पेटी. तींत दोनशें माणसें एकमेकांचा श्वास घेतात. दुसरा पक्ष म्हणतो, विमानांतील हवा शस्त्रक्रियागृहांतील हवेसारखी शुद्ध असते, चिंतेचें कारण नाहीं. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्हींत तो अपुरा आहे, असें आम्हांस वाटतें.

चरकसंहितेंत ‘विमानस्थान’ नांवाचा एक विभाग आहे. त्यांतील विमान आकाशांत उडणारें नव्हे. विमान म्हणजे विशेष मान, बारकाईचें मोजमाप. योगायोग असा कीं, एकाच वेळीं सबंध जनपदाचा संहार करणाऱ्या रोगांची चर्चा याच विभागाच्या तिसऱ्या अध्यायांत आली आहे. आणि वायु, उदक, देश व काल हीं चार बिघडल्यानें असे रोग उद्भवतात, असें तेथें प्रतिपादन केलें आहे. भीतीच्या प्रसंगीं आधीं मोजमाप करावें, एवढा बोध आम्ही त्या नांवापासून घेतों, आणि प्रथम वायूकडेच वळतों.

आजच्या मोठ्या प्रवासी विमानांत हवा कोंडून राहत नाहीं. साधारण निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते, आणि उरलेली निम्मी आंतलीच गाळून पुन्हा सोडलेली असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्याही तीनदशांश इतक्या सूक्ष्म कणांपैकीं शेंकडा ९९.९७ कण ही गाळणी अडविते. हवा डोक्यावरून येते व पायांजवळच्या फटींतून निघून जाते. विमानाच्या लांबीच्या दिशेनें ती फारशी वाहत नाहीं. दोन-तीन मिनिटांत आंतली सर्व हवा पालटते. खिडक्या बंद केलेल्या बसमध्यें किंवा माणसांनीं गच्च भरलेल्या मंगल कार्यालयांत इतकी हवा खेळत नाहीं, हें पहिल्या पक्षानें ध्यानांत घ्यावें.

परंतु ही सर्व गोष्ट यंत्र चालू असेपर्यंतची झाली. अमेरिकेच्या अलास्का प्रांतांत १९७७ सालीं एक विमान इंजिनाच्या बिघाडामुळें तीन तास जमिनीवर उभें राहिलें. आंत ५४ माणसें होतीं व बहुतेक आंतच बसून राहिलीं. त्यांच्यांत इन्फ्लुएंझा झालेली एक व्यक्ति होती, आणि हवा खेळविणारी यंत्रणा बंद होती. तीन दिवसांच्या आंत शेंकडा ७२ प्रवासी खोकल्यानें व तापानें आजारी पडले. म्हणजे धोका उंच आकाशांत नसून जमिनीवर थांबलेल्या विमानांत होता.

दुसरी गोष्ट अशी कीं, गाळणी कितीही उत्तम असली, तरी ती शेजाऱ्याच्या तोंडापाशीं नसते. त्याच्या खोकल्याचे तुषार गाळणीपर्यंत पोंचण्यापूर्वीं आपल्या नाकाशीं येतात. १५ मार्च २००३ रोजीं हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानांत १२० माणसें होतीं. त्यांत ७२ वर्षांचे एक गृहस्थ सार्स रोगाच्या तापानें आजारी होते. प्रवास अवघा तीन तासांचा; परंतु त्यानंतर २२ जणांस तो रोग झाला, आणि त्यांतील कांहीं जण रोग्याच्या पुढें सात ओळींपर्यंत बसलेले होते. उलट, त्याच सांथींतील दुसऱ्या एका विमानांत चार रोगी असूनही फार तर एकासच बाधा झाली. आणि तिसऱ्या एका विमानांत, ज्याची लक्षणें अद्याप प्रकट झालीं नव्हतीं असा रोगी असतां, कोणासच झाली नाहीं.

करोनाच्या आरंभीं, १ मार्च २०२० रोजीं, लंडनहून हनोईस निघालेल्या विमानांत घसा दुखणारी व खोकणारी एक प्रवासी स्त्री होती. सुमारें दहा तासांचा तो प्रवास झाल्यावर आणखी १५ जणांस बाधा झाल्याचें आढळलें. पैकीं १२ जण तिच्याच वरच्या वर्गांतील होते. अधिक पैसे मोजल्यानें आसन रुंद मिळतें, शेजाऱ्याचा खोकला कांहीं दूर जात नाहीं. त्या वेळीं विमानांत मुखपट्टीची सक्ती नव्हती, ही गोष्टहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. या सर्व उदाहरणांवरून आम्ही एवढेंच अनुमान काढतों कीं, विमान सुरक्षित आहे कीं नाहीं हें विमानापेक्षां त्यांत कोण बसला आहे, यावर अधिक अवलंबून असतें.

मग रोग्यास दारांतच कां अडवूं नये? तसा यत्न झालेला आहे. २००३ सालीं कॅनडाच्या विमानतळांवर लाखों प्रवाशांची तपासणी झाली. तींत सार्सचा एकही रोगी सांपडला नाहीं. याचें कारण उघड आहे. करोनाचीं लक्षणें दिसूं लागण्यास संसर्गानंतर दोन ते चौदा दिवस लागतात. तोंवर अंग थंडच असतें. शिवाय तापाची गोळी घेतलेल्या मनुष्याचें कपाळ यंत्रासहि फसवितें. पूर्वीं विलायतेहून मुंबईस येण्यास आगबोटीला दोन-तीन आठवडे लागत, आणि पुष्कळ रोग वाटेंतच उघडे पडत. आतां माणूस रोगाच्या आधीं घरीं पोंचतो. म्हणून विमानप्रवासाचा धोका मोजतांना विमानांतले चार तास मोजून भागत नाहीं; उतरल्यावर ज्या घरांत पाऊल टाकावयाचें, त्या घरांतील ऐंशी वर्षांची आजी व तीन महिन्यांचें तान्हें बाळ हींहि त्या हिशेबांत धरलीं पाहिजेत.

मधलें आसन रिकामें ठेवावें कीं काय, हा वाद २०२० सालीं एका वैमानिकानें मुंबई उच्च न्यायालयांत नेला होता. त्या वर्षीं जूनमध्यें न्यायालयानें, संरक्षणाचे नियम पाळून तें आसन देण्यास अनुमति दिली. तेव्हां शेजार टळेल, अशी आशा प्रवाशानें धरूं नये; आपल्या हातीं जें आहे तें करावें. मुखपट्टी नाकावर नीट बसणारी असावी. शेजारी जेवत असतां आपण ती काढूं नये. त्याचें आटोपल्यावर आपण खावें. अमेरिकेंतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत खिडकीजवळ बसणाऱ्याचा इतरांशीं संबंध सर्वांत कमी येतो असें आढळलें. म्हणून तें आसन मागून घ्यावें व कारणावांचून उठूं नये. डोक्यावरील हवेची तोटी उघडी ठेवावी. विमान उभें असतां हवा बंद भासली, तर सेवकवर्गास विनासंकोच विचारावें. उतरतांना सर्वांच्या आधीं उठून रांगेंत दाटी करूं नये. ज्यांस हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावांचून निघूं नये.

आतां मुख्य गोष्ट. ज्याला ताप आहे त्यानें जाऊं नये, हें कोणासहि पटतें. परंतु प्रसंग आला म्हणजे तिकिटाचे पैसे, मुहूर्त व चार माणसांचें बोलणें आड येतें. आमच्या धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज होती. बटूचा मामा दिल्लीस. आदल्या दिवशीं त्याचा फोन आला कीं, अंगांत कणकण आहे, पण गोळी घेतली आहे, सकाळच्या विमानानें येतों. घरांत सर्व स्तब्ध झाले. मामावांचून मुंज कशी, असें जो तो मनांत म्हणत होता. पण बोलेना कोणी. तेव्हां आमच्या वहिनींनीं फोन आपल्या हातीं घेतला व म्हणाल्या, “अरे, मुंजीला मामा हवा असतो, मामाचा ताप नको. तूं तिथूनच आशीर्वाद दे आणि निजून राहा.” दोन दिवसांनीं त्याला करोना झाल्याचें तपासणींत निघालें. मुंज यथासांग झाली. बटूनें मामास फोनवरूनच नमस्कार केला. त्या मंडपांत पंचाहत्तरी ओलांडलेलीं सात माणसें होतीं.

हे शब्द वहिनींच्या मुखांतून आले, म्हणून निभावलें. मामाला स्वतःहून ‘येत नाहीं’ म्हणणें जड गेलें असतें. कारण न येणाऱ्याच्या मागें बोलणारीं माणसें आपल्या समाजांत थोडीं नाहींत. आजारी माणसाला विमानांत चढविणारी शक्ति पुष्कळदां त्याची स्वतःची हौस नसते. घरच्यांचा अबोल आग्रह असतो. यंत्रें गाळण्या लावूं शकतात, सरकार मुखपट्ट्या बांधवूं शकतें; हा आग्रह मात्र घरच्यांनींच काढून घ्यावयाचा असतो. यासाठीं सांथीच्या दिवसांत दूरच्या मुलास ‘केव्हां निघतोस’ असें विचारण्यापूर्वीं ‘प्रकृति कशी आहे’ असें विचारावें. आणि उत्तर मनासारखें आलें नाहीं, तर ‘येऊं नकोस’ हा शब्द घरांतील सर्वांत वडील माणसानें उच्चारावा.