भाड्याच्या घराला एस-कॉर्प मानवत नाही
अमेरिकेतील घर, कंपनी आणि कर : लेखांक 4

एलएलसीमुळे मालकाची जबाबदारी मर्यादित कशी होते, हे मागच्या लेखात पाहिले. जिन्यावरून पडलेल्या भाडेकरूने दावा लावला, तर साधारणपणे कंपनीच्या नावावरील मालमत्तेलाच झळ लागते; मालकाचे राहते घर आणि बचत वाचते. आता प्रश्न कराचा. मुळात एलएलसी हा कराचा प्रकारच नाही. वायोमिंग राज्याने 1977मध्ये पहिला एलएलसी कायदा केला, तेव्हा तिला कंपनी मानून कर लावायचा की भागीदारी मानून, हे ठरलेले नव्हते. 1988मध्ये आयआरएस या केंद्रीय कर खात्याने वायोमिंगच्या एलएलसीला भागीदारी मानले आणि 1997पासून ही निवड मालकावरच सोपवली. मालकाने काहीच कळवले नाही, तर एकट्याची एलएलसी केंद्रीय प्राप्तिकरासाठी वेगळी धरली जात नाही. भाडे आणि खर्च त्याच्याच विवरणपत्रात येतात. सभासद दोन किंवा अधिक असतील तर ती भागीदारी ठरते. फॉर्म 8832 भरला की सी-कॉर्पोरेशन, म्हणजे कर कंपनी स्वतः भरते; फॉर्म 2553 भरला की एस-कॉर्पोरेशन, म्हणजे नफा-तोटा भागधारकांच्या विवरणपत्रात जातो. भाड्याचे घर बाळगणाऱ्या एलएलसीने यांपैकी एकही फॉर्म भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘एस-कॉर्प करा, कर वाचेल’ हा सल्ला खोटा नाही. तो वेगळ्या धंद्यासाठी आहे. स्वतःच्या कष्टाने कमावणाऱ्या सल्लागाराच्या नफ्यावर प्राप्तिकराखेरीज 15.3 टक्क्यांपर्यंत स्वयंरोजगार कर लागतो. एस-कॉर्पमध्ये तो वाजवी पगार घेतो आणि उरलेल्या नफ्यावर हा कर वाचवतो. पण घराच्या साध्या भाड्यावर स्वयंरोजगार कर लागतच नाही. म्हणजे वाचवण्यासारखे काही नसताना बंधने मात्र गळ्यात पडतात. भागीदारीत बँकेच्या कर्जातला आपला वाटा गुंतवणुकीत धरला जातो, एस-कॉर्पमध्ये धरला जात नाही. त्यामुळे निवासी इमारतीवर 27.5 वर्षे मिळणाऱ्या घसाऱ्यातून झालेला तोटा अडकून पडू शकतो. त्याहून मोठी अडचण बाहेर पडताना येते. समजा, 3 लाख डॉलरला घेतलेले घर आज 5 लाखांचे आहे आणि मालकाला ते कंपनीतून काढून स्वतःच्या नावावर करायचे आहे. एस-कॉर्पमध्ये ते बाजारभावाने विकल्याचे धरून कर लागतो, हातात एक डॉलरही आलेला नसताना. भागीदारीतून तेच घर बहुतेक वेळा कर न भरता बाहेर काढता येते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करदृष्ट्या अनिवासी परदेशी व्यक्तीला एस-कॉर्पचा भागधारक होता येत नाही. एच-1बी व्हिसावर काम करणारा बहुधा करदृष्ट्या निवासी असतो, त्यामुळे सुरुवातीला काही अडत नाही. पण तोच पुढे पुण्याला कायमचा परतला आणि अनिवासी ठरला, किंवा त्याने नाशिकच्या आईवडिलांच्या नावावर काही भाग केले, तर त्या दिवसापासून एस-कॉर्पचा दर्जा संपतो आणि कंपनी सी-कॉर्प होते.

मग सरळ सी-कॉर्प का नको, असे कुणी विचारील. तिचा दर 21 टक्के आहे आणि व्यक्तीचा सर्वोच्च दर 37. पण 100 डॉलर नफ्यातून 21 गेल्यावर उरलेल्या 79 डॉलरचा लाभांश घेतला, तर वरच्या उत्पन्नगटात त्यावर आणखी 20 टक्के, म्हणजे 15.80 डॉलर जातात. एकूण झाले 36.80. शिवाय दीर्घकालीन भांडवली नफ्याचा सवलतीचा दर व्यक्तीला आहे, कॉर्पोरेशनला नाही. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. घरे घेऊन, दुरुस्त करून लगेच विकणे किंवा हॉटेलसारख्या सेवा देऊन खोल्या चालवणे ही कष्टाची कमाई होय. तिथे एस-कॉर्पचा विचार जरूर करावा, पण त्यासाठी कंपनी वेगळी ठेवावी आणि भाड्याची घरे तिच्यात घालू नयेत.

राज्य निवडतानाही हाच विवेक हवा. घर कॅलिफोर्नियात असेल, तर डेलावेअरची एलएलसी काढूनही कॅलिफोर्नियात नोंदणी करावी लागते आणि तिथला वर्षाचा किमान 800 डॉलर कर चुकत नाही; डेलावेअरचे 300 डॉलर वर जातात. म्हणून घर जिथे, एलएलसी तिथली, हा साधा नियम बहुतेकांना पुरतो. आणि कुणी फॉर्म 2553 सहीसाठी पुढे केला, तर लेखणी उचलण्याआधी एवढेच विचारा : माझ्या भाड्यावरचा नेमका कोणता कर यामुळे वाचणार आहे? उत्तरात कराचे नाव आणि आकडा मिळाला नाही, तर सही करू नका.