दगडातले सोने : पाणी, वजन आणि हात

सोन्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा दागिन्यांविषयी, भावाविषयी किंवा लंकेविषयी असते. ते दगडातून बाहेर कसे येते याविषयी विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांतून फार तर दीड पान मजकूर असतो, आणि त्या दीड पानात माणूस कोठेही नसतो. दगड फोडला जातो, दळला जातो, गाळ धुतला जातो, सोने मिळविले जाते. सगळी वाक्ये कर्त्यावाचूनची. कोण फोडतो, कोण धुतो, हे जणू व्याकरणालाच नको आहे. मी एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवितो आणि दर वर्षी ते दीड पान वर्गात वाचतो. या लेखात त्याच विषयाची जरा नीट फोड करावी आणि पुस्तकाने गाळलेला कर्ता वाक्यात परत आणावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम प्रमाण लक्षात घ्यावे. एक टन दगडात पाच ग्रॅम सोने असेल तर ती खाण आजच्या हिशेबाने बरी समजली जाते. म्हणजे दोन क्विंटल दगडात एक ग्रॅम. एक ग्रॅम सोने आकाराने जोंधळ्याच्या टपोऱ्या दाण्याहून थोडे मोठे आणि तुरीच्या दाण्याहून लहान. शंभर किलोची दोन पोती दगड आणि त्यात हा एक दाणा. तोही एकसंध नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या लाखो कणांत विखुरलेला. हा दाणा शोधायचा कसा?

सोन्याचा एक गुण येथे उपयोगी पडतो : त्याचे वजन. पाण्याच्या तुलनेत सोने १९.३ पट जड आहे. ज्या गारगोटीत ते सापडते ती २.६५ पट. हवेत ही तुलना साधारण सातास एक अशी पडते. पण दोन्ही पाण्यात बुडविले की प्रत्येकाचे आपापल्या आकारमानाच्या पाण्याइतके वजन घटते. सोन्याचे राहते १८.३, गारगोटीचे १.६५. म्हणजे पाण्यात सोने गारगोटीच्या अकरा पट जड ठरते. म्हणून जगभर सोने धुताना पाणी वापरतात. ते केवळ घाण काढण्यासाठी नव्हे. पाणी हेच तेथे तराजूचे काम करते. या पद्धतीला शास्त्रात गुरुत्व पृथक्करण म्हणतात.

नाव भारदस्त आहे, परंतु क्रिया आपल्या बायकांना ठाऊक आहे. धान्य वाऱ्यावर धरणे म्हणजे उपणणे. सुपाने हलके उडविणे म्हणजे पाखडणे. सूप गोल फिरवून खडे एका कडेला आणणे म्हणजे घोळणे. आणि तांदूळ पाण्यात हलवून, वरचे तांदूळ पाण्याबरोबर काढून घेऊन खडे तळाशी ठेवणे म्हणजे रोळणे. चार क्रियांना चार वेगळी क्रियापदे आहेत आणि पदवीच्या पुस्तकात या चौघींसाठी मिळून एकच शब्द आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझी आई लोकांच्या खळ्यावर मजुरीने धान्य उपणीत असे आणि घरी येऊन रेशनचे तांदूळ रोळीत असे. तिला घनता हा शब्द ठाऊक नव्हता. पण घोळण्याआधी चाळून घ्यावे लागते हे पक्के ठाऊक होते. का, ते पुढे पाहू, कारण या विद्येची खरी मेख तेथेच आहे.

पाण्यात कण किती वेगाने बुडेल हे नुसत्या जडपणावर ठरत नाही, आकारावरही ठरते. फार बारीक कणांच्या बाबतीत बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हिशेब केला तर दहा मायक्रॉनचा सोन्याचा कण आणि सुमारे तेहतीस मायक्रॉनचा गारगोटीचा कण एकाच वेगाने तळाशी जातात. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणजे लहान सोने आणि मोठी गारगोटी पाण्याला सारखीच वाटतात. जाड कणांच्या बाबतीत हीच सवलत सुमारे ३.३ पटींवरून अकरा पटींपर्यंत जाते, म्हणून जाड सोने पकडणे सोपे. तेव्हा माल आधी चाळून एका आकाराचा करून घेतला पाहिजे. मगच वजनाचा निवाडा खरा होतो. चाळण आधी आणि घोळणे नंतर. कारखान्यात हेच होते, फक्त चाळणीच्या जागी कंप पावणाऱ्या जाळ्या असतात.

साधनांपैकी सर्वांत जुने म्हणजे धुण्याचे पात्र. कोठे ते काथवटीसारखे लाकडी असते, कोठे लोखंडी ताटासारखे. वाळू आणि पाणी घेऊन गोल हलवायचे, वरची हलकी वाळू कडेवरून वाहू द्यायची. शेवटी तळाशी काळी वाळू राहते आणि तिच्या टोकाला पिवळी रेघ. ही काळी वाळू म्हणजे लोहखनिज, पाण्याच्या पाच पट जड. ते गारगोटीसारखे सहज हटत नाही. दिवसभर वाकून काम केले तरी एका माणसाच्या हातून थोडाच माल धुतला जातो.

त्यापुढची पायरी म्हणजे उतरती लाकडी पन्हळ. तिच्या तळाशी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. पाणी पट्टीवरून उडी मारते, पट्टीमागे लहानसा भोवरा होतो, त्यात जड कण अडकतात आणि हलके पुढे जातात. पट्ट्यांऐवजी लोकरीचे कापड अंथरले तरी चालते. जॉर्जियाच्या डोंगरात लोक नदीत मेंढीचे कातडे ठेवून सोने धरीत, हे स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. पुढे खाणींच्या गिरण्यांतही घोंगडी अंथरलेल्या उतरत्या फळ्या आल्या. ठरावीक वेळाने घोंगडी उचलायची, टाकीत झटकायची, पुन्हा अंथरायची. यंत्रयुगातील ही घोंगडी मला मोठी बोलकी वाटते.

हलते मेज हे यानंतरचे. अमेरिकेत कोलोरॅडो येथे आर्थर विल्फ्ली याने १८९६ च्या सुमारास ते रूढ केले. किंचित कललेले मेज, त्यावर लांबीच्या दिशेने बारीक पट्ट्या. यंत्र मेजाला हळू पुढे नेते आणि झटक्याने मागे ओढते. या झटक्यामुळे कण लांबीच्या दिशेने सरकतात, तर वरून सोडलेले पाणी त्यांना आडवे ढकलते. हलके कण पाण्याबरोबर बाजूला वाहून जातात. जड कण पट्टीच्या आसऱ्याने थेट टोकापर्यंत जातात. मेज चालू असताना पाहावे : काळा, करडा आणि पिवळा असे पंख्यासारखे पट्टे पडलेले दिसतात. सूप हातात धरलेल्या बाईच्या मनगटात जो झटका असतो तोच येथे लोखंडात उतरविला आहे. जिग नावाचे दुसरे यंत्र जाळीखालून पाणी वरखाली उसळविते. प्रत्येक उसळीला जड कण एक पाऊल खाली उतरतात.

या सर्वांची मर्यादा एकच. सुमारे पाऊणशे मायक्रॉनच्या, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या, खाली कण गेला की ही साधने त्याला धरून ठेवण्यात उणी पडतात. शिवाय सोने मऊ. गिरणीत चेचून त्याची पापुद्र्यासारखी चकती होते आणि चकती पाण्यावर तरंगते, तिला तेलाचा अंश लागला तर अधिकच. म्हणून जुने धुणारे पात्रात साबणाचा थेंब टाकतात. १९८० च्या सुमारास कॅनडात बायरन नेल्सन याचे फिरते भांडे आले. ते इतक्या वेगाने फिरते की आतील कणाचे वजन साठ पट झाल्यासारखे होते. भिंतीतील भोकांतून आत येणारे पाणी थर घट्ट बसू देत नाही, आणि जड कण कड्यांत जाऊन बसतात. बारीक सोने धरण्यात यामुळे मोठा फरक पडला. पण जे सोने अतिसूक्ष्म आहे ते यालाही पुरते सापडत नाही. त्यासाठी सायनाइड लागते. ती रीत १८८७ मध्ये ग्लासगोत निघाली. आज अनेक मोठ्या खाणींत आधी गुरुत्वाने जाड सोने काढून घेतात आणि उरलेल्यासाठी सायनाइड वापरतात.

आता माणसांकडे येऊ. कोलार येथे १८८० मध्ये जॉन टेलर आणि कंपनीने पाऊल टाकले आणि पुढे २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्स बंद होईपर्यंत तेथून सुमारे ८०० टन सोने निघाले. चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. वर गिरण्यांत लोखंडी मुसळे दगड कुटीत, आणि तो गाळ पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून व घोंगड्यांवरून सोडला जाई. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज आली ती मुख्यतः या खाणींसाठी. खाली उतरणारे कोण होते? बहुसंख्य उत्तर अर्काट आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले तमिळ भाषक अस्पृश्य शेतमजूर. गावच्या जमीनदाराच्या वेठीतून सुटण्याची वाट त्यांना जमिनीखाली सापडली. तेथे रोख मजुरी मिळत होती, आणि गावात जे बोलता येत नव्हते ते बोलता येत होते. पंडित अयोथी दास यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा याच खाणींतील मारिकुप्पम येथे चालली, आणि १९५४ मध्ये बाबासाहेब तेथे येऊन गेले. कोलारकडे केवळ शोषणाची जागा म्हणून पाहणारे लेखन मला म्हणून अपुरे वाटते.

अर्थात शोषण होतेच. सोने इतक्या लहान कणांत असते की ते नखाखालीही लपते; त्यामुळे कंपनीच्या लेखी प्रत्येक कामगार हा संभाव्य चोर होता. १९३० मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घेण्याचा घाट घातला गेला तेव्हा कामगारांनी संप केला. आपल्याला गुन्हेगार ठरविले जात आहे हे त्यांनी ओळखले होते. छिद्रे पाडताना उडणाऱ्या गारगोटीच्या धुळीचा हिशेब मात्र कोणी ठसे घेऊन ठेवला नाही. १९४० च्या दशकात साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली तेव्हा त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. पृथक्करणाच्या भाषेत सांगायचे तर सोने एका टोकाला गेले आणि गारगोटी फुप्फुसात राहिली.

उरलेला गाळ गावातच राहिला. कोलारला १३ ढिगांत मिळून सुमारे ३.३ कोटी टन गाळ पडून आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की त्याची धूळ घरांत शिरते. त्यात टनामागे एक ग्रॅमपेक्षाही कमी सोने आहे आणि तेही अतिसूक्ष्म. जे जाड होते ते पूर्वीच घोंगडीने धरले. म्हणून तेथे मेज किंवा पन्हळ फारशी कामाची नाही, पुन्हा सायनाइडच लागेल. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने हे ढीग पुन्हा उपसण्यास संमती दिली. या कामाला पूर्वीइतके हात लागणार नाहीत. तेव्हा ज्यांच्या बापजाद्यांनी तो दगड वर आणला त्यांना या दुसऱ्या फेरीत काय मिळणार, हे करार होण्याआधी विचारले पाहिजे. नंतर विचारून उपयोग नसतो.

आपल्याकडे खाणी नसल्या तरी ही विद्या आहे. सराफ गल्लीतील केर आणि गटारातील माती विकत घेऊन तिच्यातून सोने धुणारे झारेकरी सर्वांना माहीत आहेत. पूर्वेकडे नदीची वाळू धुणारे सोनझरा आहेत. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मंडला, बालाघाट आणि चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर, या जिल्ह्यांत त्यांची नोंद आहे. माझ्या वर्गात एक झारेकऱ्याचा मुलगा होता. मी पन्हळीचे चित्र फळ्यावर काढले तेव्हा त्याने उठून पट्ट्यांमधील अंतर चुकले आहे की काय असे विचारले नाही. त्याने विचारले की शेवटी पारा घालता तेव्हा खिडकी उघडी ठेवता का. त्यांच्या घरी धुऊन उरलेल्या मालात पारा चोळतात, पारा सोने धरून ठेवतो, मग फडक्यातून पिळून तो गोळा शेगडीवर ठेवतात. पारा उडून जातो आणि सोने राहते. शेगडी स्वयंपाकघरात असते.

पारा ३५७ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. श्वासावाटे गेलेल्या वाफेचा बहुतांश भाग शरीरात राहतो आणि मज्जासंस्थेवर घाला घालतो : हात थरथरणे, विसराळूपणा, चिडचिड. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा अशा हातखाणींतून जातो, असे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०१५ च्या आकडेवारीवरून काढले. मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. करारातील कलमे झारेकऱ्याच्या शेगडीपर्यंत कोण नेणार हा प्रश्न मात्र शिल्लकच आहे.

करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. फिलिपीन्सच्या बेंग्वेट भागातील खाणकरी पारा वापरीतच नाहीत. ते पन्हळ आणि पात्र यांनी माल अनेक वेळा धुऊन अगदी थोडा आणि सोन्याने भरलेला करतात, मग त्यात टाकणखार घालून तो वितळवितात. टाकणखारामुळे इतर खनिजे लवकर वितळून मळी होते आणि सोने आपल्या वजनाने तळाशी उतरते. म्हणजे येथेही शेवटचे काम गुरुत्वच करते. टाकणखार प्रत्येक सोनाराकडे असतो. अट एवढीच की धुण्याचे काम नेटाने झाले पाहिजे, आणि त्यात झारेकऱ्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. ज्यांना पारा लगेच सोडता येत नाही त्यांनी तो उघड्यावर जाळू नये. जाड लोखंडाचे घट्ट झाकणाचे भांडे, त्यातून निघणारी खाली उतरती नळी, आणि नळीभोवती थंड पाणी एवढे असले की पाऱ्याची वाफ नळीतच थिजून थेंबाथेंबाने बाहेर येते आणि तोच पारा पुन्हा वापरता येतो. हे भांडे तालुक्याच्या गावातील कोणताही वेल्डर करून देईल. ते घराबाहेर, वाऱ्याच्या बाजूस पाठ करून वापरावे, मुले आणि गरोदर बाया जवळ असू नयेत, आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडू नये.