पालशेत ते पुणे : एका मोडलेल्या हाडाचा खटला

6 मे 1953. सूर्यास्ताच्या सुमारास गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर, वाळूत, वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या. दोन दिवसांनी त्याच डॉक्टरांनी त्या काढून मॅकिन्टायर स्प्लिंट लावला. 9 तारखेला टॅक्सीने सुमारे 200 मैल प्रवास करून त्याला पुण्यात आणले. आधी ताराचंद रुग्णालयात, तेथून एका खासगी शल्यचिकित्सकाकडे. त्याच रात्री नऊ वाजता तो गेला.

यातून उभा राहिला तो दावा ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले’. सर्वोच्च न्यायालयाने तो 2 मे 1968 रोजी निकालात काढला. वैद्यकीय निष्काळजीपणाचा विषय निघाला की देशभरचे वकील अजूनही या निकालाकडे वळतात. पुण्यात मात्र त्याचा उल्लेख मी फारच क्वचित ऐकला आहे. मी ना डॉक्टर, ना वकील. जुनी निकालपत्रे वाचण्याचा नाद तेवढा आहे. पण हे निकालपत्र मी पुन्हा पुन्हा उघडतो, कारण त्यात एका दुपारचा हिशेब आहे.

मुलाला दुपारी सव्वादोन वाजता दाखल केले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यायची होती, दिले गेले एकच. एक्स-रे झाले आणि त्याला वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात नेले. पाय प्लास्टरमध्ये घालून बाहेर आणल्यावर, सातपर्यंत गुंगी उतरेल असे वडिलांना सांगण्यात आले. ते दौंडला निघाले. साडेसहाच्या सुमारास आईला दिसले की त्याला खोकला येतो आहे, श्वास लागतो आहे.

डॉक्टरांचे म्हणणे असे की, रुग्णाची अवस्था पाहून आपण हाड बसवण्याच्या भानगडीत पडलोच नाही, हलका ताण देऊन पाय फक्त स्थिर केला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होते ‘फॅट एम्बॉलिझम’, म्हणजे हाडातील चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसांपर्यंत पोहोचणे. वडिलांचा आरोप वेगळा होता: पुरेशी भूल न देता, माणसे लावून, जोर करून पाय ओढला आणि त्या धक्क्याने मुलगा गेला. तिन्ही न्यायालयांनी वडिलांची बाजू ग्राह्य धरली.

इथे जरा थांबतो. मांडीचे हाड हे शरीरातले सर्वांत लांब हाड. ते मोडले की मांडीतल्या मांडीत लिटरभर रक्त सहज साचते, बाहेर थेंबही न दिसता. फॅट एम्बॉलिझमची लक्षणे बहुधा दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांत उमटतात, आणि इथे तर तिसराच दिवस होता. म्हणजे दाखल्यातले कारण वैद्यकदृष्ट्या अशक्य नव्हते, असे माझे मत. पण न्यायालयासमोरचा प्रश्न काय घडू शकते हा नव्हता, त्या खोलीत काय केले गेले हा होता. तीन दिवसांच्या वेदनेने आणि प्रवासाने थकलेल्या देहावर तासाभरात काय करायचे, आणि काय उद्यावर टाकायचे, हाच तातडीच्या वैद्यकातला अवघड निर्णय. त्या दिवशी थांबणे हाही उपचारच ठरला असता.

निकालाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार हे ठरवताना काळजी, आणि तो करताना काळजी. अतिउच्च कौशल्याची अपेक्षा नाही, वाजवी कौशल्याची आहे.

यातले पहिले कर्तव्य मला फार बोलके वाटते. 1968 साली रुग्ण घ्यावा की नाही, हा डॉक्टरचा निर्णय गृहीत होता. पुढे एका स्कूटरस्वाराला अपघातानंतर जवळच्या रुग्णालयाने, पोलीस केस म्हणून, वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात धाडले. तो वाटेत गेला. त्यावरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात, ऑगस्ट 1989 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जीव वाचवणे आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सर्व डॉक्टरांना लागू. तातडीच्या प्रसंगात निवडीचा दरवाजा तेव्हा बंद झाला.

मग डॉक्टरांची भीती उरते ती फौजदारीची. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात ठरले की साध्या चुकीवर गुन्हा नव्हे, हलगर्जी ढोबळ असली पाहिजे, आणि पोलिसांनी आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावे. तो खटला लुधियानाचा, रिकाम्या ऑक्सिजन सिलिंडरचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरांसाठी मात्र दोन वर्षांपर्यंत. ही सवलत योग्य की नाही यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते. मला ती पटते. रात्री दोन वाजता अर्धवट माहितीवर हात चालवणाऱ्याला तुरुंगाच्या सावलीत उभे केले, तर तो हात मागे घेईल, आणि नुकसान पुढच्या रुग्णाचे होईल.

दिवाणी भरपाईचे तसे नाही. पालशेतच्या त्या आईवडिलांना ती मिळाली 3,000 रुपये, आणि त्यावर शेवटचे शिक्कामोर्तब व्हायला पंधरा वर्षांना एक आठवडा कमी लागला.