‘पथरीच्या ऑपरेशन’मध्ये नेमके काय काढतात?

सुरतच्या पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात कापडधंद्याच्या आधाराने खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. घरात अहिराणी किंवा मराठी, दवाखान्यात गुजराती नाहीतर हिंदी आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर इंग्रजी, असा त्यांच्या दुखण्याचा प्रवास असतो. यात ‘पथरी’ हा शब्द फार फसवा आहे. मराठीतला मुतखडा मूत्रमार्गातलाच. गुजराती-हिंदीतली पथरी मात्र मूत्रपिंडातली असो वा पित्ताशयातली, एकाच नावाने ओळखली जाते. उपचार मात्र एक नाहीत. घाम फार आणि पाणी कमी, अशा कामात लघवी दाट होऊन मुतखडे होऊ शकतात. त्यातले लहान खडे बहुधा आपोआप पडतात, मोठे फोडून किंवा दुर्बिणीने काढतात, आणि मूत्रपिंड जागच्या जागी राहते. पित्ताशयातले खडे त्रास देऊ लागले, तर सहसा खड्यांसकट पित्ताशयच काढून टाकतात. पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते फक्त साठवते, म्हणून त्याच्यावाचून माणूस नीट जगतो. पण आपला एक अवयव जाणार आहे, हे सही करण्याआधी कळायला नको का?

खडा कुठे आहे, ते रिपोर्टवर लिहिलेले असते. ‘रीनल कॅल्क्युलस’ म्हणजे मूत्रपिंडातला खडा, ‘कोलेलिथियासिस’ म्हणजे पित्ताशयातले खडे. शस्त्रक्रियेच्या नावाचे तर शेपूटच बोलके असते. ‘-एक्टॉमी’ म्हणजे तो भाग काढून टाकणे, नुसते ‘-ऑटॉमी’ म्हणजे चिरून आत शिरणे, ‘-ऑस्टॉमी’ म्हणजे नवे तोंड पाडणे. नेफ्रोलिथॉटॉमीत खडा निघतो, नेफ्रेक्टॉमीत मूत्रपिंड जाते. शरीरशास्त्राचे पुस्तक पाठ करण्याची गरज नाही. एवढी दोन-तीन शेपटे सामान्य माणसाला पुरेशी आहेत, असे माझे ठाम मत आहे.

बायकांच्या बाबतीत ही गरज आणखी तीव्र आहे. ‘पिशवी काढली’ एवढेच सांगितले जाते. हिस्टरेक्टॉमीत गर्भाशय जाते. ‘टोटल’ लिहिले असले, तरी त्याचा अर्थ गर्भाशयाच्या मुखासह, एवढाच. बीजांडकोश काढायचे असतील तर ‘ऊफोरेक्टॉमी’ वेगळी लिहावी लागते. तरुणपणी दोन्ही बीजांडकोश गेले, की पाळी गेल्यानंतरची अवस्था एकदम येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, तेव्हा गर्भाशय काढलेल्या हजारो बाया आढळल्या. त्यांतल्या कितीजणींना काय ठेवले आणि काय काढले हे नीट समजावले होते, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

यावर म्हटले जाते, की अर्धवट ज्ञान घातक असते. डॉक्टरांवर विश्वास ठेवावा. आक्षेपात तथ्य आहे. ‘-आयटिस’ म्हणजे दाह, पण टॉन्सिलायटिस आणि मेनिन्जायटिस यांच्या गांभीर्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो शब्दावरून ओळखता येत नाही. म्हणून रोगाचा निवाडा डॉक्टरांनीच करावा. संमती मात्र रोग्याची असते. तपासणीच्या दुर्बिणीसाठी संमती दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय आणि बीजांडकोश ती भुलीखाली असताना, आईच्या संमतीवर काढले गेले. त्यावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये स्पष्ट केले, की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि रोग्याला उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके आधी सांगितले पाहिजेत.

सगळ्या संज्ञा मराठीत आणल्या तर प्रश्न सुटेल, असेही काहींना वाटते. मूत्रपिंड, पित्ताशय, बीजांडकोश हे शब्द आपल्याकडे आहेतच, पण सुरतेत रिपोर्ट इंग्रजीतच हातात पडणार. तेव्हा संमतिपत्रावर इंग्रजी नावाखाली रोग्याच्या भाषेत एक ओळ हवी: काय काढणार, काय राहणार. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते; तिच्या स्मीमेरसारख्या रुग्णालयात असा मजकूर ठेवणे अवघड नाही. खासगी दवाखान्यात नातेवाइकांनी तो मागून लिहून घ्यावा. आणि डिस्चार्ज कार्ड व काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट जपून ठेवावा. दहा वर्षांनी पुन्हा पोट दुखले, तर नव्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच पाहायचे असते.