जावाची दुरुस्ती

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या २५० सीसी जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. वडिलांची तशी गाडी मी पडवीत खोलली. आधी रंगच काढणार होतो. हौस, दुसरे काय! पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये शिरते. तिथले ऑइलसील वाळून चिरले, की बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, त्याच पेट्रोलमधून येणारे वंगणही घटते, आणि तापलेला पिस्टन जाम होतो. तेव्हा पैसे आधी सीलवर गेले.

टाकीच्या बाजूचे रबर वडिलांच्या गुडघ्याने झिजून गुळगुळीत झालेले. नवे मिळते. आईने त्यावरून हात फिरवत विचारले, "हेही बदलणार का रे?"

तेवढे जुनेच बसवले.