कोलंबो लागायचे, मुंबई लागत नाही

रोह्याहून कोलंबो हवाई अंतराने जवळजवळ १,५०० किलोमीटर. मुंबई १०० किलोमीटरच्या आत. १९५०-६०च्या दशकांत रोह्यात किंवा पेणला ज्याच्या घरी रेडिओ असे, त्याच्या ओसरीवर बुधवारी रात्री आठला कोलंबो लागायचे. कधी लाटेसारखे पुढे येई, कधी मागे जाई, पण लागायचे. आज त्याच रोह्यात मुंबईचे एफएम लावायला जा, डोंगराच्या कुशीतल्या घरात बहुधा नुसती खरखर ऐकू येते. मधल्या सत्तर वर्षांत रेडिओवाल्यांनी कार्यक्रम बदलले, नावे बदलली, लहरी बदलल्या. दर बदलाच्या वेळी ऐकणाऱ्याने दुसरीकडे काहीतरी शोधले. हा लेख त्या शोधाचा आहे.

सुरुवात एका मराठी माणसापासून करावी लागते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली नेहरूंच्या सरकारात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पॅरिसमध्ये शिकलेले, धृपद गायकीची तालीम घेतलेले गृहस्थ. हिंदी चित्रपटसंगीत सवंग झाले आहे, पाश्चात्त्य वाद्यमेळाच्या नादी लागले आहे, असे त्यांचे ठाम मत. त्याच सरकारात अर्थखाते सांभाळणारे चिंतामणराव देशमुख लहानपणी रोह्यात वाढलेले. म्हणजे दिल्लीत हे चालले होते तेव्हा रोह्याचा एक माणूस मंत्रिमंडळात होता, पण रोह्याच्या ओसरीवर काय ऐकू यावे हे ठरवणारे खाते त्यांचे नव्हते.

केसकरांनी चित्रपटगीतांचा वेळ छाटायचे ठरवले. वाजवायचे ते गाणे आधी तपासायचे, गायकाचे नाव सांगायचे पण चित्रपटाचे सांगायचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात. निर्माते भडकले आणि त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने काढून घेतले. काही महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळपास नाहीसेच झाले. त्या जागी शास्त्रीय संगीत आले. २० जुलै १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली.

लोकांनी मोर्चे काढले नाहीत, सुई फिरवली. २५, ३१ आणि ४१ मीटरच्या पट्ट्यांत कोलंबो होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी उभारलेला शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक युद्धानंतर कोलंबोच्या रेडिओ सिलोनच्या हाती आला होता. ३ डिसेंबर १९५२ रोजी त्यावर हिंदी चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय वीसच्या आत. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली, असे ते पुढे सांगत.

यातली गंमत अशी, की गीतमालेचे ध्वनिमुद्रण मुंबईतच व्हायचे. टेप विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून आकाशात उडालेला आवाज परत भारतात यायचा. मुंबईत बोललेले शब्द समुद्र ओलांडून गेले, परत आले आणि मग पेणमध्ये कुणाच्या तरी ओसरीवर उतरले. सरकारी धोरणाने इतकी लांब प्रदक्षिणा क्वचितच कुणाला घडवली असेल.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे आणि ती भरपूर झाली. मला मात्र वाटते की मराठी श्रोत्याने त्यांना अर्धे तरी माफ करावे. चित्रपटगीताला पर्याय म्हणून त्यांनी आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे केले. कवी, संगीतकार, गायक यांना रेडिओसाठीच नवे काम मिळू लागले. त्याच हवेत, १९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत, मागे केंद्राचे सीताकांत लाड. वर्षभर दर आठवड्याला नवे गाणे, अशी एकूण ५६ गाणी. बाजाराच्या तालावर चाललेल्या केंद्राला असला उद्योग सुचला नसता. हिंदी श्रोत्याने केसकरांमुळे गाणी गमावली, मराठी श्रोत्याला त्याच काळात भावगीताचे भरले घर मिळाले. एकाच घरात दोन्ही चालायचे: सकाळी भावगीत, बुधवारी रात्री कोलंबो.

शेवटी सरकारलाच नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. नरेंद्र शर्मांसारखा कवी तिच्या मुळाशी होता आणि चित्रपटगीत मागच्या दाराने परत आले. १९६७ साली मुंबई, पुणे, नागपूर इथून विविध भारतीवर जाहिरातीही लागल्या. गीतमालेला मात्र आकाशवाणीच्या घरात यायला १९८९ उजाडले. तोवर ३७ वर्षे ती परदेशी पाहुणीच होती.

पेण-रोह्याच्या बाबतीत एक गोष्ट शहरातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. इथे कोणता कार्यक्रम ऐकायचा हे श्रोत्याच्या आवडीआधी जमीन ठरवते.

मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्‌झवर, म्हणजे तिच्या एका लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर. इतकी लांब लहर जमिनीला बिलगून चालते, टेकडीला वळसा घालते. खाऱ्या पाण्यावर आणि ओल्या खाजणावर तर ती कोरड्या खडकापेक्षा फार दूर जाते. मुंबई आणि पेणच्या मधे काय आहे? खाडी, मिठागरे, धरमतरचे पाणी. मीडियम वेव्हसाठी यापेक्षा चांगला रस्ता नाही. रोह्याला कुंडलिकेच्या खोऱ्यातही ती उतरते. म्हणून ‘आपली आवड’, ‘वनिता मंडळ’, ‘कामगारांसाठी’ हे सगळे इथे मुंबईइतकेच स्वच्छ ऐकू यायचे. ‘प्रपंच’ या श्रुतिकेतले टेकाडे भावजी पेणच्या घरातले असल्यासारखे बोलायचे, याचे निम्मे श्रेय मिठागरांचे.

एफएमची लहर वेगळी. १०२.८ मेगाहर्ट्‌झची लहर जेमतेम तीन मीटरची. ती सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की थांबते. गाणे ऐकायला सुरेख, ना खरखर ना गडगडाट, पण नजर पोचेल तिथवरच. पेणला गच्चीवर बऱ्यापैकी लागते. महामार्गाने वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालात की गाडीतला रेडिओ अडखळू लागतो आणि रोह्याच्या खोऱ्यात पोचेपर्यंत त्याने हात टेकलेले असतात. पूर्वेला सह्याद्री असल्यामुळे पुण्याच्या एफएमचा प्रश्नच नाही. दक्षिणेला रत्नागिरी केंद्र १९७७ सालचे, पण तेही दूर. कोकण रेल्वेची सुरुवात रोह्यापासून होते. एफएमच्या नकाशात मात्र रोहे ना मुंबईचे, ना रत्नागिरीचे.

मुंबईत विविध भारती मीडियम वेव्हवरून एफएमवर गेली तेव्हा शहरात आवाज सुधारला म्हणून आनंद झाला. डोंगराआडच्या गावांना ही सुधारणा म्हणजे वाहिनी बंद पडल्यासारखीच. देशभर जुने मीडियम वेव्ह प्रक्षेपक प्रसार भारती टप्प्याटप्प्याने बंद करते आहे. ते वीज खातात, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, ही कारणे खोटी नाहीत. डिजिटल मीडियम वेव्हचा एक मार्ग निघाला, मुंबईतही प्रक्षेपक लागला, पण तो ऐकू येईल असा स्वस्त संच कुणी बाजारात आणलाच नाही. ऐकायला संचच नाही तर प्रक्षेपकाचा उपयोग काय?

खासगी वाहिन्यांची कथा झटपट सांगून टाकतो, कारण या भागाशी त्यांचे नाते पातळच. २००२ साली मुंबईत एकामागोमाग एक स्टेशने उघडली. इंग्रजी गाण्यांचे गो ९२.५ काही वर्षांत रेडिओ वन झाले, लहर बदलली आणि हिंदीकडे वळले. विन ९४.६ तर बंदच पडले. श्रोते मोजायची रॅम नावाची पद्धत २००७ साली आली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता या चार महानगरांपुरती. जाहिरातीचा दर त्या मोजणीवर आणि कार्यक्रम जाहिरातीवर. पेणचा किंवा रोह्याचा माणूस त्या मोजणीत नव्हता, मग त्याच्यासाठी मराठी गाणे कोण लावणार? बातम्या तर खासगी वाहिनीला स्वतःच्या देताच येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात.

मग इथल्या लोकांनी काय काय ऐकले? मीडियम वेव्हवर रात्री एक वेगळेच दालन उघडते. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी गिळणारा थर विरतो आणि दूरची केंद्रे परावर्तित होऊन येऊ लागतात. दिल्लीची उर्दू सेवा राजकोटच्या जबरदस्त प्रक्षेपकावरून कोकणच्या किनाऱ्यावर ठसठशीत यायची. जुन्या गाण्यांचे शौकीन, मग ते मोहल्ल्यातले असोत की आळीतले, ‘तामील-ए-इर्शाद’ ऐकत. बातम्यांसाठी बीबीसी हिंदी होती. १९४० पासून चाललेले तिचे शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी संपले. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी वर्ल्डस्पेसचा उपग्रह रेडिओ घेतला. त्यावर हिंदुस्तानी संगीताची ‘गंधर्व’ वाहिनी चोवीस तास चालायची आणि डोंगर आडवा यायचा प्रश्न नव्हता. पण ३१ डिसेंबर २००९ ला कंपनीने भारतातले दुकान बंद केले आणि ते महागडे संच माळ्यावर गेले. २०१७ साली सारेगामाचा ‘कारवां’ आला: आत ५,००० गाणी भरलेली, दिसायला जुन्या ट्रान्झिस्टरसारखा, एका कळीवर अमीन सयानींची गीतमालासुद्धा. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांनी गावी असलेल्या आईवडिलांना देण्याजोगी यापेक्षा सोयीची भेट नव्हती. आणि आता मोबाईल. न्यूज ऑन एअर या ॲपवर अस्मिता वाहिनीही रोह्यात ऐकू येते, रेंज असेल तर.

या सगळ्या पर्यायांत एक दुखणे आहे, ते पेणच्या गणपती कारखान्यांत नीट समजते. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात मूर्तीचे काम वर्षभर चालते आणि श्रावणात रात्री जागून चालते. शाडूने नाहीतर रंगाने हात भरलेला कारागीर मोबाईलवर गाणे बदलू शकत नाही. त्याला असे काही हवे असते जे आपले आपण बोलत राहील, मध्येच वेळ सांगेल, बातमी सांगेल, पाऊस कुठवर आला ते सांगेल. कारवांमध्ये गाणी पाच हजार असली तरी त्याला आजची तारीख ठाऊक नसते. रेडिओची खरी नोकरी ती होती, आणि ती जागा अजून कुणी भरलेली नाही.

दुसरे दुखणे वादळात कळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे गप्प झाले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, रोहे या तालुक्यांत कितीतरी गावांत बरेच दिवस अंधार होता. ॲपवर उपलब्ध असलेली आकाशवाणी त्या दिवसांत कुणाच्या कामाची? दोन सेलवर चालणारा संच आणि टेकडी ओलांडणारी लहर, एवढेच तेव्हा उपयोगाचे. तळिये गाव २०२१ साली दरडीखाली गाडले गेले, इर्शाळवाडी २०२३ साली. या जिल्ह्यात पावसाळ्यातली खबर हा जिवाचा मामला आहे.

श्रोते हल्ली काही बोलत नाहीत असे समजू नये. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचे ठरले. पुण्यात एवढा ओरडा झाला की केंद्रीय मंत्र्यांना काही दिवसांत निर्णय स्थगित करावा लागला. पुण्याला आवाज आहे, वर्तमानपत्रे आहेत, खासदारांचे कान आहेत. पेण-रोह्याची लहर तुटली तर तेवढा गलका होण्याची शक्यता कमी.

तेव्हा मार्ग आपणच काढायला हवा, आणि तो कागदावर आहे. २००६ च्या सरकारी धोरणानुसार शिक्षणसंस्था, तीन वर्षांहून जुन्या नोंदणीकृत सेवाभावी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना सामुदायिक रेडिओ चालवता येतो. ताकद थोडी, पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा, पण खोऱ्यातल्या गावाला तेवढाच लागतो. मनोरा खोऱ्यातच असला की डोंगर आड येत नाही. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. राजकीय बातम्या देता येत नाहीत ही अट जाचक आहे खरी, पण हवामान, बाजारभाव, नदीची पातळी, रस्ता बंद की चालू आणि माडगूळकर-फडके यांना कुणाची बंदी नाही. रायगडचे कृषी विज्ञान केंद्र रोह्याजवळ किल्ला इथे आहे. पेणला महाविद्यालय आहे. या दोन ठिकाणच्या जबाबदार मंडळींनी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करावा, आणि वाचकांपैकी ज्यांची तिथे ओळख असेल त्यांनी तो करवून घ्यावा.